शस्त्राचे वय आणि कायद्याचे घड्याळ

मार्च १९६३ मध्ये अमेरिकेतील डॅलस शहरातून शिकागोच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानाकडे एक पाकीट गेले. त्यात नियतकालिकातून कापलेले मागणीचे कूपन होते आणि २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर होती. दुर्बिणीसह रायफलीची किंमत १९ डॉलर ९५ सेंट. उरलेला दीड डॉलर टपालखर्चाचा. मागणी ए. हिडेल या नावाने होती आणि पत्ता म्हणून टपालपेटीचा क्रमांक दिला होता. रायफल कारकानो जातीची, इटलीच्या लष्कराने निकालात काढलेली, १९४० साली तेर्नी येथील कारखान्यात तयार झालेली. हिडेल नावाचा कोणी माणूस नव्हता. मागवणारा होता ली हार्वे ऑस्वाल्ड. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली, आणि ती याच रायफलीने झाली असा वॉरन आयोगाने निष्कर्ष काढला.

मध्यंतरी ओहायोत स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या वर्गमित्राचे पत्र आले. त्याच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे टपालाने एक लांबट खोके आले, त्यांनी ते अंगणातच उघडले, आणि आतून दुसऱ्या महायुद्धातली एक रायफल निघाली. 'मी बारा वर्षे या देशात राहतो आहे,' मित्राने लिहिले होते, 'पण बंदूक अशी दिवाळी अंकासारखी घरपोच येते हे मला ठाऊक नव्हते. हे कायदेशीर कसे?' शेजाऱ्यांनी त्याला दोन गोष्टी दाखवल्या होत्या: सरकारी परवान्याचा एक कागद आणि हाताने भरलेली एक नोंदवही. खोक्यातली रायफल कारकानोच होती.

हे कायदेशीर आहे. १९६३ च्या त्या कूपनाने ज्या कायद्याला जन्म दिला, त्याच कायद्याने हे खोके त्या अंगणात पोहोचवले. ही विसंगती वाटेल. पण तिच्यामागे एक विचारपूर्वक आखलेली प्रशासकीय रेषा आहे. शस्त्र केव्हापर्यंत शस्त्र असते आणि केव्हापासून ते स्मृतिचिन्ह होते, हे ठरवणारी ती रेषा. तिचा इतिहास प्रशासनाच्या अभ्यासकाने समजून घ्यावा असा आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर युरोपातील देशांकडे लक्षावधी जुन्या रायफली उरल्या. नव्या सैन्यांना त्या नको होत्या, भंगारात त्यांना किंमत नव्हती, आणि अमेरिकेत मात्र नागरिकांना बंदूक विकत घेण्यास फारशी आडकाठी नव्हती. व्यापाऱ्यांनी त्या जहाजे भरभरून आणल्या. शिकाऱ्याला नवी देशी रायफल ज्या किमतीत पडे, तिच्या लहानशा अंशात ही परदेशी लष्करी रायफल मिळू लागली. यामुळे पहिली तक्रार आली ती गुन्हेगारीची नव्हे, तर स्पर्धेची. कोल्ट आणि विंचेस्टर कनेक्टिकटमधले, स्मिथ अँड वेसन मॅसॅच्युसेट्समधली. अमेरिकेचा बंदूक-उद्योग ईशान्येच्या या राज्यांत एकवटलेला होता. १९५८ मध्ये लष्करी बनावटीच्या जुन्या शस्त्रांची आयात बंद करावी असे विधेयक सिनेटमध्ये आले. ते मांडणारे मॅसॅच्युसेट्सचे तरुण सिनेटर होते जॉन केनेडी. ते विधेयक त्या स्वरूपात संमत झाले नाही. झाले असते तर पाच वर्षांनी काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. पण तो मनात आल्याशिवाय राहत नाही.

कनेक्टिकटचे सिनेटर टॉमस डॉड यांनी टपालाने होणाऱ्या पिस्तूलविक्रीवर नियंत्रण आणणारे विधेयक ऑगस्ट १९६३ मध्ये, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या आधीच मांडले होते. हत्येनंतर त्यात रायफलींचाही समावेश झाला. तरीही ते पाच वर्षे रेंगाळले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, तेव्हा कुठे संसद हलली. २२ ऑक्टोबर १९६८ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'गन कंट्रोल ॲक्ट'वर सही केली. सामान्य नागरिकाला दुसऱ्या राज्यातून टपालाने बंदूक मागवणे बंद झाले. व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच व्हावा असे ठरले. लष्करी जुन्या शस्त्रांच्या आयातीचे दारही लागले.

परंतु त्याच कायद्यात संग्राहकासाठी एक खिडकी ठेवली गेली. कायदा करणाऱ्यांसमोर प्रश्न होता तो असा. देशात हजारो लोक जुनी शस्त्रे जमवतात. त्यांतल्या कित्येकांना ती झाडायचीही नसतात. एखाद्या कारखान्याचा शिक्का, एखाद्या पलटणीची खूण, दस्त्यावर सैनिकाने कोरलेली आद्याक्षरे यांचा ते अभ्यास करतात. वस्तुसंग्रहालयांतील पुष्कळ ऐवज अशाच खाजगी संग्रहांतून आलेला असतो. या मंडळींना विक्रेत्याच्या किंवा गुन्हेगाराच्या रांगेत उभे करावे काय? आणि करायचे नसेल, तर 'मी संग्राहक आहे' असे म्हणणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवावा काय?

कायद्याने तीन पायऱ्या केल्या. पहिली पायरी सालाची. १८९८ साली किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक ही 'अँटीक', आणि या कायद्यापुरती ती बंदूकच नव्हे. तोड्याची, चकमकीची किंवा टोपीची असो, तिला संघराज्याच्या कायद्याखाली परवाना नाही, नोंद नाही. दुसरी पायरी वयाची. बनून किमान पन्नास वर्षे झालेली मूळ बंदूक (तिची नक्कल नव्हे) ही 'क्यूरिओ ऑर रेलिक', म्हणजे नवलाईची किंवा गतकाळाची अवशेष वस्तू. ती बंदूक राहतेच, पण संग्राहकाचा परवाना असलेल्याला ती दुसऱ्या राज्यातून थेट घेता येते. तिसरी पायरी पुराव्याची. पन्नास वर्षे झाली नसली तरी, बंदुका प्रदर्शित करणाऱ्या शासकीय संग्रहालयाच्या अभिरक्षकाने ती संग्रहालयाच्या मोलाची असल्याचे प्रमाणित केले, अथवा तिच्या किमतीचा मोठा भाग ती दुर्मीळ, अपूर्व, विक्षिप्त आहे किंवा एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीशी, काळाशी वा घटनेशी निगडित आहे यामुळेच आलेला आहे असे सिद्ध केले, तर तीही या वर्गात येते. मर्यादित संख्येने काढलेल्या बंदुकांचा दावा मुख्यतः या तिसऱ्या पायरीवर उभा राहतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला या तिसऱ्या पायरीचे विशेष कौतुक वाटते. दुर्मीळता सिद्ध कशी करायची? नियमावली सांगते: तशी दुसरी बंदूक संग्राहकांच्या बाजाराबाहेर मिळत नाही हे दाखवा, किंवा तसल्याच साध्या बंदुकीची नेहमीच्या दुकानातली किंमत बरीच कमी आहे हे दाखवा. म्हणजे पुरावा मागितला आहे तो बाजारभावाचा. विचार करता यामागचे तर्कशास्त्र पटते. ज्या माणसाला केवळ गोळी झाडायची आहे, तो त्याच कामाच्या वस्तूसाठी तिप्पट किंमत का मोजेल? जास्तीची किंमत ज्या गुणासाठी मोजली जाते तो गुण शस्त्राचा नाही, स्मृतीचा आहे. कायद्याने माणसाच्या मनात डोकावण्याचा प्रयत्न सोडून त्याच्या पाकिटात डोकावले आहे, आणि प्रशासनाला पाकीट मनापेक्षा नेहमीच सोपे जाते.

ऐतिहासिक व्यक्तीशी संबंध म्हणजे काय, याचे एक उदाहरण मुंबईच्या वाचकांना जवळचे वाटेल. ऑक्टोबर १८९६ मध्ये एक तरुण इंग्रज लष्करी अधिकारी ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना होडी हेलकावली आणि त्याचा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर दुखरा राहिला. दोन वर्षांनी सुदानमधील ओमदुर्मानच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्यात तलवार चालवणे त्याला शक्य नव्हते, म्हणून त्याने नव्या जातीचे माउझर पिस्तूल हाती घेतले. तो अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. माउझर पिस्तुले लाखोंनी बनली. परंतु त्या दिवशी त्या हातात असलेल्या पिस्तुलाची किंमत पोलादाच्या किंवा नेमाच्या हिशेबाने कोण करील?

याच माउझरने कायद्यापुढे आणखी एक कोडे टाकले होते. या पिस्तुलाची लाकडी पेटी त्याच्या मागे जोडली की ती दस्त्याचे काम करते आणि पिस्तूल खांद्याला लावून झाडता येते. परंतु दस्ता आणि आखूड नळी एकत्र आली की १९३४ च्या 'नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट'नुसार ती 'आखूड नळीची रायफल' ठरते. टोळीयुद्धांच्या काळात मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि आवाज दाबणारी साधने यांना आवर घालण्यासाठी तो कायदा झाला. त्यात प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलरचा कर आणि सक्तीची नोंद होती. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून यातील आखूड नळीच्या बंदुकांवरचा कर शून्यावर आणला. नोंदणीची अट मात्र ठेवली. शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन पिस्तुलाला त्याची मूळ लाकडी पेटी सोबत आहे एवढ्यावरून गुंडांच्या हत्याराच्या पंक्तीला बसवणे विचित्र होते. कायद्यात त्यासाठी एक कलम आहे: बनावटीचे साल, किंमत, रचना आणि अन्य लक्षणे पाहता जी वस्तू मुख्यतः संग्राह्य आहे आणि शस्त्र म्हणून वापरली जाण्याचा संभव नाही, ती शासन या यादीतून काढू शकते, मशीनगन आणि स्फोटक शस्त्रे मात्र कदापि नाहीत. मूळ पेटीसह असलेली ही माउझर पिस्तुले त्या कलमाने मुक्त झाली. 'वापरली जाण्याचा संभव नाही' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

परवाना स्वस्त आहे: वर्षाला दहा डॉलर, एकदम तीन वर्षांचे तीस. वय एकवीस पूर्ण हवे. प्रत्येक खरेदी आणि विक्री ठरावीक रकान्यांच्या नोंदवहीत उतरवावी लागते: तारीख, कारखाना, नमुना, क्रमांक, कोणाकडून आली, कोणाकडे गेली. परवाना संग्रहासाठी आहे, धंद्यासाठी नाही. नफ्यासाठी सतत घेणे-विकणे सुरू केले तर विक्रेत्याचा परवाना घ्यावा लागतो. नवी कोरी बंदूक या परवान्यावर घेता येत नाही. मित्राच्या शेजाऱ्यांच्या हातातली वही ती हीच. ऑस्वाल्डच्या व्यवहारात खरे नाव नव्हते, पूर्वतपासणी नव्हती, नोंद सापडली ती दुकानाच्या दप्तरात. या व्यवहारात माणूस शासनाला आधीपासून ठाऊक आहे. रायफल तीच, टपालही तेच. फरक पडला तो माणूस ओळखीचा असण्यात.

या व्यवस्थेचा एक चांगला परिणाम झाला, तो कदाचित तिच्या कर्त्यांच्याही मनात नसावा. १९५० आणि ६० च्या दशकांत स्वस्त मिळालेल्या लष्करी रायफली लोक सर्रास कापत. दस्त्याचे लाकूड तासायचे, नळी आखूड करायची, नवी दुर्बीण बसवायची आणि हरणाच्या शिकारीला निघायचे. संग्राहकाच्या परवान्यासाठी मात्र लष्करी रायफल मूळ रूपात असली पाहिजे, अशी अंमलबजावणी करणाऱ्या एटीएफ या विभागाची भूमिका राहिली. बदललेल्या रायफलीचा विशेष दर्जा जातो. त्यामुळे वस्तू जशीच्या तशी राखणे हे धारकाच्या हिताचे झाले. जतनाचे काम दंडाच्या धाकाने जितके होते, त्याहून अधिक ते हितसंबंधाने होते.

याउलट १९८४ चा अनुभव. त्या वर्षी सिनेटर बॉब डोल यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये लागलेले आयातीचे दार किलकिले झाले, आणि 'क्यूरिओ ऑर रेलिक' वर्गातील लष्करी रायफली पुन्हा आणता येऊ लागल्या. परंतु आयातदाराने आपले नाव आणि गाव बंदुकीच्या धातूवर कोरलेच पाहिजे असा नियम. माग काढण्याच्या दृष्टीने तो रास्त आहे. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र चाळीस वर्षे अस्पर्श राहिलेल्या नळीवर कोणा आधुनिक कंपनीचा शिक्का उमटला की तिचे मोल घसरते. जुन्या सैनिकाने युद्धातून स्वतः आणलेली, शिक्का नसलेली रायफल म्हणूनच अधिक किमतीला जाते. शासनाची नोंद ठेवण्याची रीतच कधी कधी नोंद ठेवायच्या वस्तूला इजा करते, हे आपल्याकडे प्राचीन मूर्तींवर तैलरंगाने लिहिलेले क्रमांक पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको.

आता या रेषेचे दोष पाहू. पहिला दोष मर्यादित उत्पादनासंबंधीचा. दुर्मीळता दोन प्रकारची असते: काळाने आणलेली आणि कारखान्याने घडवलेली. १९६१ मध्ये कोल्ट कंपनीने इलिनॉयमधील जेनिसिओ या लहान गावाच्या वर्धापनाची आठवण म्हणून एक छोटे पिस्तूल काढले. संख्या जेमतेम शंभराच्या घरात. ते खपले, आणि स्मारक-बंदुकांची एक रूढीच पडली. १९६६ मध्ये विंचेस्टरने आपल्या शताब्दीनिमित्त सोनेरी मुलामा दिलेली रायफल काढली. तिच्या लाखाहून अधिक प्रती निघाल्या. लाखाच्या संख्येने निघालेली 'मर्यादित आवृत्ती' हा शब्दप्रयोगच हसू आणणारा आहे. तरीही या दोन कंपन्यांच्या कित्येक स्मारक आवृत्त्या पन्नास वर्षे होण्याची वाट न पाहता शासनाच्या यादीत नावानिशी दाखल झाल्या. बाजारभावाचा पुरावा येथे थोडा लटका पडतो. कारण यादीत नाव आले की दर्जा मिळतो, दर्जा मिळाला की मागणी वाढते, आणि वाढलेली किंमतच पुन्हा दर्जाचा पुरावा ठरते. किंमत हा साक्षीदार चांगला, पण तो पढवला जाऊ शकतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. १८९८ ही स्थिर रेषा आहे आणि पन्नास वर्षे ही सरकती. स्वीडनच्या माउझर रायफलींवर बनावटीचे साल कोरलेले असते. १८९८ कोरलेली रायफल कायद्याने बंदूक नाही. १८९९ कोरलेली, त्याच कारखान्यातली, तशीच गोळी झाडणारी, बंदूक आहे. हे मनमानी वाटते, आणि आहेही. पण या मनमानीला एक शिस्त आहे: १८९८ पूर्वीच्या बंदुकांची संख्या आता कधीही वाढणार नाही. त्या रेषेच्या पलीकडे काय आहे ते शासनाला एकदाच ठरवावे लागले. पन्नास वर्षांची रेषा मात्र रोज एक दिवस पुढे सरकते. १९६८ मध्ये मागे मोजले तर ती १९१८ वर येत होती, म्हणजे पहिल्या महायुद्धाची शस्त्रे. २०२५ मध्ये मोजले तर ती १९७५ वर येते. एआर-१५ जातीची रायफल कोल्टने नागरिकांना १९६४ मध्ये विकायला काढली. त्या पहिल्या रायफली मूळ रूपात असतील तर २०१४ पासून पन्नाशीत पोहोचल्या. काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत. परंतु संघराज्याच्या व्याख्येत घड्याळ चालूच आहे. जिचे आधुनिक भावंड आजही दुकानात मिळते, तिला केवळ वयामुळे गतकाळाचा अवशेष म्हणायचे काय? शस्त्रतंत्र जेव्हा दर पिढीला बदलत होते, तेव्हा पन्नास वर्षे हे कालबाह्यतेचे चांगले माप होते. तंत्र थबकले, आणि माप मात्र तेच राहिले.

तिसरी अडचण माणसांची आहे. १९६८ च्या कायद्याने युद्धातून आणलेल्या, नोंद नसलेल्या मशीनगन वगैरेंसाठी माफीची मुदत दिली: २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर १९६८, तीस दिवस. ज्यांनी नोंद केली त्यांचे शस्त्र संग्रहात राहिले. ज्यांना कळले नाही, किंवा जे घाबरले, त्यांचे राहिले पोटमाळ्यावर. मे १९८६ मध्ये नव्या मशीनगनची नागरी नोंद कायमची थांबली. नोंद असलेल्यांचा साठा गोठला आणि किमती आकाशाला भिडल्या. आज आजोबांच्या पेटीत एखादी नोंद नसलेली जर्मन सबमशीनगन सापडली, तर नातवाला ती खाजगीरीत्या नोंदवता येत नाही. ती इतिहासाच्या दृष्टीने कितीही मोलाची असली तरी त्याच्यापुरती ती निषिद्ध वस्तू आहे. तीस दिवसांत एक फॉर्म भरला की नाही, यावरून एक वस्तू वारसा ठरली आणि दुसरी अपराध.

हे सारे वाचताना मला प्रतिनियुक्तीवर असतानाचा एक जिल्हा आठवतो. एका शिक्षकांच्या घरी भिंतीवर पणजोबांची तोड्याची बंदूक टांगलेली होती. कोणीतरी तक्रार केली. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या अथवा मोडक्या शस्त्राला सूट देते. परंतु अट अशी की ते दुरुस्त करून वा न करता, कसेही झाडता येण्याजोगे असता कामा नये. तोड्याची बंदूक म्हणजे लोखंडाची नळी. ती साफ केली की दारू भरता येते. त्यामुळे सूट लागू नाही, असा शेरा फाइलीवर पडला. शेरा कायद्याला धरून होता. बंदूक ठाण्याच्या मालखान्यात जमा झाली. दोन वर्षांनी मी मुद्दाम चौकशी केली, तेव्हा ती सापडली. पण दस्त्यावरचे चांदीचे काम निघाले होते आणि क्रमांकाची चिठ्ठी उंदरांनी खाल्ली होती. ती बंदूक अमेरिकेत असती, तर कायद्याने ती बंदूकच नसती.

मात्र येथे घाईने निष्कर्ष काढू नये. आपला कायदा आंधळा आहे म्हणून कडक आहे असे नाही. गडचिरोलीच्या किंवा बस्तरच्या जंगलात तोंडाने दारू भरायची भरमार बंदूक हा इतिहास नाही. तिने शिकार होते, आणि माणसेही मारली गेली आहेत. अमेरिकेने १८९८ ची रेषा आखली, कारण तेथील गुन्हेगाराला त्यामागच्या बंदुकीची गरजच नव्हती. त्याला अधिक चांगली सहज मिळत होती. जेथे चांगली बंदूक मिळणे कठीण आहे, तेथे जुनी बंदूक म्हातारी होत नाही. शस्त्राचे वय त्याच्या पोलादात मोजता येत नाही. त्याच्या भोवतालच्या समाजात दुसरे काय उपलब्ध आहे त्यावर ते ठरते. 'वापरली जाण्याचा संभव नाही' या शब्दांचा अर्थ म्हणूनच देशागणिक बदलतो. अमेरिकन साल जसेच्या तसे उचलून आपल्या राजपत्रात छापणे हा शहाणपणा ठरणार नाही.

उचलण्याजोगे काही असेल तर ते वेगळे आहे. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना ओळखतो, आणि शस्त्र अधिनियम ती झाडता येते का एवढेच पाहतो. एकच वस्तू दोन कार्यालयांत दोन भाषांत बोलते. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन बंदुकांची मर्यादा आली. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात आधी ती एकवर आणण्याचा प्रस्ताव होता; हरकतींनंतर दोन ठरली. वारशाने आलेल्या बंदुकाही त्या दोनमध्येच मोजायच्या, हे कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. जास्तीची बंदूक वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. संख्या आटोक्यात ठेवण्याचा हेतू मला मान्य आहे. पण पणजोबांची ठासणीची बंदूक आणि मागच्या वर्षी घेतलेले पिस्तूल यांना एकेक आकडा म्हणून मोजणारा हिशेब अपुरा आहे. त्या हिशेबात कुटुंब साहजिकच पिस्तूल ठेवते आणि इतिहास जमा करते.

अमेरिकेच्या व्यवस्थेत मला मोलाची वाटते ती तिची सढळता नव्हे, तिची तिसरी पायरी. तेथे नागरिकाला अर्ज करण्याची एक जागा आहे. कोणता पुरावा चालेल ते आधी लिहून ठेवलेले आहे. संग्रहालयाच्या तज्ज्ञाच्या मताला कायद्यात स्थान आहे. आणि सूट मिळाली तरी नोंदवही सुटत नाही. आपल्याकडे जिल्हा दंडाधिकाऱ्याने अशा प्रकरणात राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे मत मागवावे, वस्तू मूळ ठिकाणी किंवा संग्रहालयात ठेवण्याचा पर्याय कुटुंबाला द्यावा, आणि ती झाडता येऊ नये अशी तात्पुरती, वस्तूला इजा न करणारी व्यवस्था करून घ्यावी, एवढे नियमांत बसवणे अवघड नाही. रेषा सरकती ठेवू नये; साल नेमून द्यावे, आणि पंचवीस-तीस वर्षांनी विचारपूर्वक बदलावे. भरमारीच्या जिल्ह्यांत ती अधिक कडक असावी.

मित्राला मी उत्तरात एवढेच कळवले की तुझे शेजारी कायद्याने वागत आहेत, त्यांच्या वहीत तारीख आणि क्रमांक बरोबर लिहिले आहेत ना, ते मात्र पाहा. उलट टपाली त्याने लिहिले की वही चोख आहे; शेजाऱ्यांनी तिच्यात प्रत्येक बंदुकीखाली, सरकारने न मागितलेला, एक जास्तीचा रकाना आखला आहे, 'ही कोणाची होती' असा.

आमच्या मालखान्यातल्या त्या बंदुकीच्या चिठ्ठीवर तो रकाना नव्हता. शिक्षक निवृत्त झाले, माझी बदली झाली. पुढे कोणी विचारलेच, तर दप्तरात सापडेल तो गुन्ह्याचा क्रमांक. पणजोबांचे नाव कुठेच लिहिलेले नाही.